स्लॅबवरची भिंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, थोरल्या मुलाला नाही. देवापुढं बसले तरी एवढं गिळून बाकीचंच सांगत आले. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही — म्हणून तर धीर होतोय. बसा जरा. मी बडबडी बाई, मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. आणि ह्या मुद्द्यावर तर — खरं म्हणजे यायचंच नाहीये मला.

सांगलीत आमचं घर आहे. खाली चार खोल्या, वर मोकळा स्लॅब. आमच्या भागात घराघराच्या स्लॅबवर कॉलमचे गज तसेच वर काढून ठेवलेले दिसतात. उद्या पोरं मोठी होतील, वर मजला चढवतील, म्हणून. कुणी त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या उपड्या घालतं, गंज चढू नये म्हणून. आमच्याही स्लॅबवर गज होते. अजून आहेत.

ह्या घराची एक गोष्ट मी जन्मभर सांगितली. पाव्हण्यांना, शेजारणींना, जेवताना दोन्ही पोरांना. हे आमच्या घामाचं घर. मालकांनी डबल ड्यूटी केली, मी पोटुशी असताना डोक्यावरनं वाळू वाहिली, कुणी हात दिला नाही आम्हाला. — वाळू वाहिली हे खरं आहे. बाकीचं पुढं सांगते.

मालक गेले. थोरल्यानं पुण्यात फ्लॅट घेतला. म्हातारा होईस्तोवर हप्ते भरत बसेल. माझ्याजवळ राहिला धाकटा, संजू. कारखान्यात लेथवर होता. हात असा बसलेला की साहेबलोक अवघड काम त्याच्याकडंच पाठवायचे. पण लग्न जमेना. आता मुलीकडचे पहिलं काय विचारतात? मुलाला स्वतःची जागा आहे का? त्यांचं तरी काय चुकलं? फ्लॅटचा भाव ऐकला की संजू नुसता हसायचा. त्याच्या पगारावर बँक त्याला दारात उभं करीना.

मी त्याला टोचायचे. "आमी काय पत्र्याखाली ऱ्हायलो न्हाई व्हय रं? तुमाला समदं आयतं पायजे. मोबाइल घ्याया पैसं हायत, जागा घ्याया न्हाईत!"

तो म्हणायचा, "मोबाइल इकून जागा मिळत आसंल तर जन्मभर हाळ्या देऊन बोलतो की, आई."

मग विट्याकडचं स्थळ आलं. वडलांचं परराज्यात सोनं गाळायचं दुकान. मुलीला संजू आवडला, संजूला ती — तो घरात शीळ घालत फिरायला लागला. वडील म्हणाले, मुलगा पसंत आहे, दोघांपुरती वेगळी जागा तेवढी दाखवा. संजूनं मला विचारलं, आई, वर दोन खोल्या काढू का? तुझं काही नको, तू फक्त हो म्हण.

मी नाही म्हटलं. थोरल्याचाही वाटा आहे, म्हटलं. घराला पेलायचं नाही, म्हटलं. खरं कारण सांगू? माझ्या डोक्यावर दुसऱ्या बाईनं चाललेलं मला नको होतं. घर माझं होतं, अख्खं होतं — आणि मला ते अख्खंच हवं होतं.

वाईला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. गेले, आणि गुडघा दुखायला लागला म्हणून एक दिवस आधीच परतले. दारात वाळूचा ढीग, शेजारी विटा. जिना चढून वर गेले तर माझ्या स्लॅबवर कमरेएवढी भिंत उभी. गवंडी जेवायला गेलेला. संजू एकटाच उन्हात, थापीनं सांध्यांत माल भरत होता.

मला बघून तो दचकला. "रागावू नगो, आई. रव्वारी ती मानसं बघाया येनार हायत. भिंती दिसल्या तरी बास."

पहार तिथंच पडलेली होती. मी उचलली आणि भिंतीत घातली. ओल्या मालातल्या विटा — पहिल्या घावालाच सुटल्या. मग दुसरा घाव, मग किती ते आठवत नाही. तो ओरडत होता, मी शिव्या घालत होते, पोटच्या पोराला कुणी घालू नयेत अशा. वीट पायावर पडली, रक्त आलं, तरी थांबले नाही. शेवटी तो भिंतीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. आणि ओरडायचं सोडून अगदी हळू म्हणाला, "आज्ज्यानं तुमाला मेंढरं इकून जागा घिऊन दिली. तू मला नुसता स्लॅब देईना व्हय गं?"

त्याला ते कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. गावाकडच्या चुलत्यानं सांगितलं असेल. मी कधीच सांगितलं नव्हतं.

माझे सासरे कवठे महांकाळकडचे धनगर. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. लग्न झाल्यावर आम्ही सांगलीत भाड्याच्या खोलीत राहायचो, घरमालकाची बोलणी खात. सासरे एकदा आले, बघून गेले. गावी जाऊन त्यांनी अख्खा कळप विकला आणि आम्हाला ही जागा घेऊन दिली. त्यानंतर म्हातारा दुसऱ्याची मेंढरं राखायला जायचा. घर झालं तेव्हा आले, उंबऱ्यापाशीच बसले आणि वर बघून म्हणाले, "गज ऱ्हाऊ द्या वरचं. पोरांस्नी लागंल." बास. पुन्हा त्या मेंढरांचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही — त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं.

संजू ते बोलला आणि मी पहार फिरवली. भिंतीवर नाही.

हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो हो. दबका असतो. थापी खाली पडली. तो गुडघ्यांवर बसला, हात पोटाशी धरून, आणि "आई गं" म्हणाला. दुसऱ्या कुणाला हाक मारणार तो? — आणि मी काय केलं? उरलेली भिंत पाडली. तो तिथं बसलेला असताना.

शेजारी धावत आले. मी म्हटलं, कच्ची भिंत, अंगावर पडली पोराच्या. सगळ्यांनी संजूकडं बघितलं. तो पांढराफटक पडला होता. म्हणाला, "व्हय. पडली." तेव्हापासून तो तेच सांगत आलाय — डॉक्टरला, कारखान्यात, भावाला. त्याचं खोटं माझ्यासाठी होतं. माझं खोटंही माझ्यासाठीच होतं. गवंड्याला तर मी चारचौघांत फाडून खाल्लं, असली कसली भिंत बांधलीस म्हणून. त्याला आमच्या गल्लीत पुन्हा कुणी काम दिलं नाही. मुलीकडचे रविवारी आले नाहीत. वर काही बांधायचं नाही, असा निरोप मध्यस्थाला मीच धाडला होता. मुलगा दवाखान्यात होता तेव्हा.

त्याचं मनगट आता वळत नाही. लेथवरचं काम गेलं. साताऱ्यात एका कारखान्याच्या गेटवर बसतो, भाड्याच्या एका खोलीत राहतो. घरमालकानं भाडं वाढवलं की दुसरी खोली बघतो. लग्न झालं नाही. चाळिशी उलटली. सणाला येतो, माझी औषधं आणतो, डाव्या हातानं जेवतो, संध्याकाळच्या एसटीनं जातो. मी राहा म्हणत नाही. चार खोल्यांत मी एकटी, वर स्लॅब मोकळा — आणि हे सगळं तुम्हाला सांगेपर्यंतसुद्धा, वर बांध रं, एवढं मी त्याला म्हटलेलं नाही.

तुम्ही चांगली माणसं. म्हणाल, रागाच्या भरात झालं, बाईचं भान सुटलं. मीही स्वतःला तेच सांगत आले इतकी वर्षं. ते खरं नाही. पहार वर उचलली तेव्हा त्याचे दोन्ही हात मला दिसत होते. डावा भिंतीला टेकलेला, उजव्यात थापी. मी दोन्ही बघितले. मग उजव्यावर मारली.