साक्षीदाराचा पुकारा

कर्जत आणि खालापूर, दोन्ही कोर्टांत मी आयुष्यभर वकिली केली. त्यामुळे शब्द चुकीच्या जागी दिसला की माझं डोकं फिरतं. भिसेगावातल्या आमच्या घरात खाली जे भाडेकरू राहतात, त्यांच्याशी ओळख वाढली तीही एका शब्दावरून. हे गृहस्थ ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. बायको तिकडेच शाळेत नोकरीला, म्हणून इथे एकटे. नेरळच्या पुढे एका लहानशा वर्गात ते तरुण प्रचारकांना शिकवतात. मी त्यांना मास्तर म्हणते, ते मला वकीलबाई.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, गाव सोडून इतक्या लांब कसे आलात? ते म्हणाले, "मला इथलं पाचारण झालं."

पाचारण आम्हाला वर्तमानपत्रातलं ठाऊक, अग्निशमन दलाला होतं ते. मी म्हटलं, "का हो, आग कुठे लागली होती?"

त्यांच्यात पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं, हे सांगताना ते इतके हसले की दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासाठी लिहिलेल्या आपल्या पाठांचा गठ्ठाच वर आणून दिला. मराठी तपासून द्याल का, म्हणाले.

मिशन म्हणजे खांद्याला झोळी, हातात पत्रकं आणि किती माणसं गळाला लागली याचा हिशोब, अशी माझी समजूत होती. पाठ मात्र भलताच प्रश्न विचारत होते. हे काम मुळात कुणाचं? उत्तर होतं, देवाचं. देव त्या गावात आधीच पोहोचलेला असतो, प्रचारक मागाहून जातो, आणि गेल्यावर आधी गप्प बसून देवाचं तिथे काय चाललंय ते पाहायचं असतं. मी तांबड्या पेनाने समासात लिहिलं, "देव आधीच पोहोचला असेल तर तुम्ही भाडं कशाला भरता?" तो कागद घेऊन मास्तर जिना चढून आले आणि आमचा चहा दोनदा झाला. त्यांचं उत्तर मला पटलं नाही, पण माझा प्रश्न आवडला असं ते म्हणाले. तेव्हापासून मला त्या पाठांची चटकच लागली.

मग आला 'साक्ष' हा शब्द. त्यांच्यात उठसूट साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगतात. मी चिडून त्यांना सुनावलं, "साक्षीदाराने स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं. ऐकीव चालत नाही. आणि पुकारा झाल्याशिवाय पिंजऱ्यात चढायचं नाही." मास्तरांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली.

अशी तीन वर्षं गेली. यंदा अकरा महिन्यांचा करार संपत आला आणि समोरचे भाऊ माझ्याकडे आले. भाऊ माणूस चांगला. त्यांची शेलूची भातशेती आता इमारतींखाली गेली, पण मला ताप आला की पेज अजून त्यांच्याच घरून येते. मास्तरांशी मात्र ते बोलत ते "ए, गाडी सरकव रं" एवढंच. आमच्याकडे रं सगळ्यांनाच लागतो, मायेनेही लागतो. हा तो रं नव्हता.

"बाई, तो मिशनवाला हाय," भाऊ म्हणाले. "आज गोड बोलतो, उद्या आख्खी आळी बाटवील. आमी बोललो आपसात. करार वाढवू नका."

"तुम्हाला काही बोललेत का ते?"

"मला नाय. पण बोलंल ना!"

"भाऊ, तीन वर्षं माझ्याकडे चहा पितायत. देवाधर्माचा वाद रोज होतो, पण तुम्ही आमच्यात या, असं एकदाही म्हणालेले नाहीत."

"तेच तर. मुरलेला हाय. उद्यापर्यंत काय ते सांगा."

भाऊ गेले आणि माझंच वाक्य मला टोचायला लागलं. एकदाही नाही? ज्याच्याशिवाय माणूस वाया जातो असं काहीतरी आपल्यापाशी आहे, हे हा माणूस मानतो. आणि मी डोळ्यांदेखत वाया जात असताना हा निवांत बिस्किट बुडवतो? मला राग आला, अगदी खराखुरा. एक तर हे सगळं त्यांना स्वतःलाच खरं वाटत नसणार, नाही तर भाऊ म्हणतात तसं ते धोरणाने गप्प असणार. धोरण असेल, तर मी करारावर सही करणार नव्हते.

संध्याकाळी खाली गेले. मास्तर वाल सोलत बसले होते. बिरडं करायला मीच शिकवलेलं.

मी उभ्यानेच विचारलं, "मास्तर, मला का नाही सांगितलंत? तुमच्या देवाला मी नको आहे का?"

त्यांचा हात थांबला. "तुम्हीच म्हणालात, वकीलबाई. पुकारा झाल्याशिवाय पिंजऱ्यात चढायचं नाही. मी वाट पाहत होतो."

मी दारात ताठ उभी राहिले आणि आमच्या कोर्टातल्या पट्टेवाल्याच्या आवाजात ओरडले, "साक्षीदार हाजिर हो!"

ते हसले. मग हसू ओसरलं. पंच्याला हात पुसत म्हणाले, "पाहिलं तेवढंच सांगतो. मी लहान होतो. गावात माझ्या वडिलांना सगळे अरे-तुरे करायचे. शाळकरी पोरंसुद्धा म्हणायची, ए, इकडं ये. एकदा सायकलवरून एक प्रचारक आले. वडिलांना म्हणाले, अहो, तुमच्यापाशी जरा बसू का? वडिलांनी मागं वळून पाहिलं. हे कुणाशी बोलतायत म्हणून. मागं कुणीच नव्हतं." मग म्हणाले, "बाकीचं मी नंतर शिकलो. पाहिलेलं एवढंच."

मी काही देव बदलला नाही. गणपतीत मोदक होतील, आणि मी वाया चालले आहे हे मला अजूनही मान्य नाही. पण जन्मभर साक्षीदारांना घाम फोडणाऱ्या मला उलटतपासणीचा एकही प्रश्न सुचेना. मी खाली बसले आणि वाल सोलू लागले.

सकाळी भाऊ फाटकाशी हजर. "काय बाई, जातो ना तो?"

"नाही. ते इथेच राहणार आहेत."

"ते?"

"हो. ते."

तेवढ्यात मास्तर पिशवी घेऊन बाहेर पडले आणि मान खाली घालून आमच्या बाजूने पुढे गेले. भाऊ घुटमळले. माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग जरा मोठ्यानेच म्हणाले, "अहो, निघालात का?"

मास्तर थांबले. त्यांनी आधी समोर पाहिलं, रस्त्यावर दुसरं कुणी आहे का ते.