ओढ्यातली काठी

आमच्या सासूबाईंना गाडी लागायची. सासूला आम्ही आत्या म्हणायचो. तेलगावात तेव्हा काळ्यापिवळ्या जीपा नव्यानं सुरू झाल्या होत्या, माणसं टपावर बसूनसुद्धा जायची. पण आत्यांना डिझेलचा वास आला तरी मळमळायचं. त्यामुळे त्या कुठंही गेल्या तरी पायी, हातात काठी घेऊन. काठी बांबूची, खाली लोखंडी शेंबी बसवलेली.

माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. भाद्रपदात एसटीडीवाल्याकडं निरोप आला, की नणंदेला मुलगी झाली. तिचं गाव धारूरच्या अंगाला, दिवसभराच्या वाटेवर. आत्या लगेच निघाल्या. एकट्या नकोत, म्हणून नवऱ्यानं मला सोबत धाडलं. घरात आमचं बोलणं कामापुरतंच असायचं, त्यामुळे दिवसभर काय बोलायचं याचंच मला दडपण आलं होतं.

अर्ध्या वाटेवर ओढा लागला. वर कुठंतरी पाऊस झाला असावा, पाणी गढूळ होतं. आत्यांनी काठी घालून पाहिली. ती गुडघ्याइतकी भिजली. त्या पुढं, मी मागं. मधोमध माझा पाय शेवाळावरून सटकला आणि मी त्यांचा दंड पकडला.

"मला धरू नको, काठी धर," त्या म्हणाल्या. "मला धरशील तर दोघी जाऊ."

त्यांनी काठीचं टोक माझ्याकडं केलं. ते धरून मी पलीकडं गेले. एक चप्पल मात्र वाहून गेली.

लिंबाखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली. खाता खाता त्या म्हणाल्या, "माझी सासू माझ्याशी कधी बोललीच न्हाई. मला वाटलं, सासूनं असंच ऱ्हायचं असतंय."

मी त्यांना लोणचं वाढलं.

नणंदेच्या घरी कुणी फारसं खूश नव्हतं. आत्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लई गुणाची दिसती."

परतताना माझे पाय सुजले होते. "तू जीपनं जा," त्या म्हणाल्या. मी बसले. गावाबाहेर जीपनं त्यांना मागं टाकलं. पदर नाकाला लावून त्या कडेला उभ्या होत्या.

दिवे लागायच्या वेळी त्या घरी पोचल्या. मी पाय शेकायला पाणी दिलं.

"कढत हाय."

"थांबा, विसण घालते."

घरात नवा रंगीत टीव्ही आलेला, संध्याकाळी सगळे त्याच्यासमोर. आमचं बोलणं त्यानंतरही फारसं वाढलं नाही. पण कुठं निघायचं असलं, की आत्या आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायच्या, "उद्या जायचंय. येती का?"

मी बहुतेक वेळा जायचे.