एकच मंजन, हजार तोंडं

अकोल्याच्या दाजीबा वैद्यांनी दुकानात आलेल्या माणसाला "या, बसा" असं कधी म्हटलं नाही. ते म्हणत, "आ करा." मग तो गिऱ्हाईक असो, टपालवाला असो, की गणपतीची वर्गणी मागायला आलेली मंडळी. कपाळावरचा चष्मा नाकावर उतरायचा, समोरच्याचं तोंड उजेडाकडे वळवलं जायचं आणि निकाल लागायचा, समोर एखादी सून असली तर, "बाप्पा! तोंड हाय का पडकी विहीर? आन् असल्या तोंडानं सासूसंग भांडून राहिली तू?"

एवढं झाल्यावर मंजनाची पुडी मिळायची. दर्यापूरहून बैलगाडी जुंपून लोक येत ते ही बोलणी खायला. गंमत अशी, की दात असलेल्यांना आणि दात गेलेल्यांना मिळणारं मंजन एकच होतं : बाभळीची साल, सैंधव आणि लवंग. ते आतल्या खोलीत, दिवसभर, जात्यावर दळायच्या त्यांच्या पत्नी गंगाकाकू.

मी तेव्हा नागपुरात विलायती साबण विकून आलो होतो. धंदा वाढवण्याच्या कलेत आपला हात धरणारा कोणी नाही, अशी माझी समजूत होती. दाजीबांचा एजंट म्हणून माझी नेमणूक मीच केली आणि जाहिरात छापली : 'मध्यप्रांत व वऱ्हाडात असे मंजन दुसरे नाही!' थेट धारणीहून मागणी आली. दाजीबांनी प्रत्येक पत्राला एकच उत्तर धाडलं : 'तोंड घेऊन या.'

"अहो दाजीबा, धारणीचा माणूस जंगल तुडवत दात दाखवायला येईल का?"

"गरज त्याले हाय का मले?"

"अशानं धंदा वाढत नसतो."

"वाढून काय करू जी? पोट वाढलं तं माणसाले चालता येत नाही. धंद्याचं तसंच हाय."

मागच्या दारी काकूंनी मला गाठलं. "भाऊ, माहे खांदे गेले. कूस बदलता येत नाही. धंदा वाढला तं इंजिनाची चक्की येते म्हणता ना? मंग वाढवा, कसाही वाढवा."

मी अमरावतीच्या राजापेठेतले एक शेटजी गाठले. दिवाळीच्या आत हजार डबे हवेत, चक्कीचा खर्च माझा, म्हणत ते दाजीबांच्या दुकानापुढे मोटारीतून उतरले. दाजीबा म्हणाले, "आ करा."

मी डोळे मिटले.

"पान किती खाता शेटजी? दातं हायेत का छपरावरले लाल कवेलू?"

शेटजी खदाखदा हसले. मी डोळे उघडले. पण डब्यांची गोष्ट निघाली आणि दाजीबा अडून बसले. "हजार डबे पाह्यजेत? हजार तोंडं आणा. तोंड पाह्यल्याबिगर कोणाले कोणतं मंजन लागते, कसं कळंन?"

शेटजी टोपी शोधू लागले. तेवढ्यात कोपरापर्यंत मंजनानं माखलेल्या काकू भरल्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या. "कोणतं म्हंजे? एकच तं हाय! जलमभर मी एकच दळून राहिली!"

दाजीबांचा चष्मा कपाळावर गेला. बुडाला धंदा, मी म्हटलं. तर कोपऱ्यातली एक म्हातारी करवादली, "एकच हाय ते आमाले ठाव हाय जी! पण घरी आमच्या तोंडात कोण पाह्यते? पाहा लवकर, माही गाडी चुकन."

शेटजी पुन्हा बसले, या खेपेला काकूंकडे तोंड करून. सौदा त्या दोघांत ठरला. डबे काकूंचे, तोंडं दाजीबांची.

काकूंनी कारभार हाती घेतल्यावर पहिली काटछाट माझीच केली. "पत्रं तं आता शेटजीचा मुनीम लिहिते. तुमचं काय काम राहिलं, भाऊ?"

निरोप घ्यायला गेलो ती दुपारची वेळ होती. नव्या चक्कीचं इंजिन असं धडधडत होतं की शेजाऱ्यांच्या फडताळातली भांडी नाचत होती. अख्खी गल्ली शिव्या देत होती. दाजीबा चटईशेजारी बसून हातानं माश्या हाकलत होते. चटईवर काकू भरदुपारी गाढ झोपल्या होत्या.

"दाजीबा, येतो!" मी त्या धडधडाटात ओरडलो.

त्यांनी डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना जी! झोपली हाय ना ती!"