वळणावरचे हुलगे

सायकलीला चांगला मुलूख कसा ओळखायचा, हे मी पोटासाठी शिकलो. डांबर गुळगुळीत हवं. चढ सलग हवा, एकदम छातीवर येणारा नको. एका अंगाला धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर. आणि मुख्य म्हणजे गाड्या नकोत. आमच्या हिर्डोशीकडच्या रस्त्यावर हे सगळं आहे. गाड्या नाहीत, कारण एसटी दिवसातून दोनदा येते, तीही आली तर. लोक चालतात. पुणेकरांना मी एवढंच सांगायचो, की रस्ता मोकळा आहे.

घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. भोरला बी.ए. झालो, त्याचा अभिमान आजही आहे. सायकलींच्या सहली काढणाऱ्या एका संस्थेत मी रोजंदारीवर वाटाड्या होतो. मोठी राईड या रस्त्यानं न्यायची ठरली तर कायम करू, असा साहेबांचा शब्द होता. त्याआधी दहा-बारा जणांना घेऊन ते रस्ता बघायला येणार होते.

आदल्या आठवड्यात मी गावात सांगत फिरलो, "रविवारी सायकली येणार आहेत, रांगच्या रांग. रस्ता नीट ठेवा."

टपरीवरचा एकजण म्हणाला, "आमाला यष्टी न्हाई, अन् ह्ये हौसंनं पायानं चाक फिरवत्यात व्हय? घरी जातं हाय म्हणावं, त्ये फिरवा की!"

सगळे हसले. मीही हसलो आणि आतून जळालो.

आमच्याकडे वाळलेले हुलगे रस्त्यावर पसरतात. चुकूनमाकून येणाऱ्या टेम्पोच्या चाकांखाली शेंगा फुटतात, मग भूस उडवून दाणे घरी न्यायचे. मळणीला बैल आता कुणाकडे आहेत? पण टपरीवर मी हुलग्यांचं नावही काढलं नाही. शिकलेल्या माणसानं सांगायची ती गोष्ट वाटली नाही.

रविवारी मी संस्थेच्या जीपमधून पुढे होतो. पाण्याकडच्या वळणावर रस्ताभर हुलगे. शेजारी माझी चुलती, डोक्यावर पदर घेऊन, पाव्हण्यांची वाट बघावी तशी उभी. चुलते गेल्यापासून ती एकटीच शेत करायची. हे तिचं वर्षाचं कडधान्य होतं, बियाण्यासकट.

"काकी, हे काय?"

"तूच म्हनलास नव्हं, लई सायकली येनार? म्हनलं, येवढी चाकं पुन्ना कवा गावायची! समदं एकदमच आनलं."

सायकलीचं चाक बोटाएवढं. त्यानं शेंग फुटत नाही, शेंगांवरून घसरून माणूस मात्र आपटतो. हे समजावायला दोन मिनिटं पुरली असती. साहेबांना थांबवलं असतं तर तेही थांबले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण खालच्या वळणावर त्यांचा पिवळा टी-शर्ट दिसला आणि मी जीपमधलं फावडं काढलं. शेंगा भराभर पाण्याच्या बाजूला लोटल्या. काही खडकांत अडकल्या, बाकी सरळ धरणात.

"आरं, आरं, बी हाय त्यात!" तिनं फावडं धरलं.

मी हिसडा दिला. ती ढोपरांवर पडली.

"तुझ्यासारख्या अडाण्यांमुळंच गाव मागं राहिलंय," मी म्हणालो.

साहेबांनी ते वळण झोकात घेतलं आणि थांबले. "काय रस्ता ठेवलाय राव!"

चुलती वाकून डांबराच्या भेगांतले दाणे नखानं टोकरत होती. बरोबरच्या एकानं तिचा फोटो काढला. "आजी काय वेचतायत?"

"रानातल्या बिया आहेत. औषधी," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. "न्हाई ओ सायेब, हुलगं हायती. ह्येचंच माडगं पिऊन ह्यो बी.ए. झालाय. इचारा की त्येला."

साहेबांना ती गंमत वाटली. ते हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

राईड आमच्याच रस्त्यानं गेली. मी कायम झालो. पुढच्या पावसाळ्यात तिच्याकडे पेरायला बी नव्हतं, म्हणून भोरच्या बाजारातून चांगलं निवडलेलं बी घेऊन मी तिच्या दारात गेलो.

"ठिव तितं," ती म्हणाली.

मी पिशवी ओट्यावर ठेवली. तिनं ती उचलली, अंगणात ओतली आणि माझ्यादेखत कोंबड्यांना हाक मारली.