दर खेळाला एक बिल्ला

माझे वडील नागपुरात बर्डीवरच्या एका टॉकीजसमोर सायकल स्टँड चालवायचे, पण बिल्ला कोणालाच द्यायचे नाहीत. इतर स्टँडवर पितळी बिल्ल्यांची जोडी असे, एक हँडलला, एक गिऱ्हाइकाच्या हातात. बाबा नुसतं तोंड पाहायचे. खेळ सुटला की चारशे माणसं अंगावर यायची आणि बाबा ज्याची त्याला सायकल अशी काढून द्यायचे, की लोक सिनेमाचा शेवट टाकून ते पाहायला बाहेर यायचे. एक जण तर मिशीसकट आत गेला आणि मध्यंतरात ती काढून आला. बाबांनी सायकल दिली, वर म्हणाले, "मिशी बरी होती."

साठीनंतर तोंडं निसटायला लागली. आधी एक अदलाबदल, मग दहा. त्या उन्हाळ्यात अर्धं नागपूर दुसऱ्याच्या सायकलवर फिरत होतं. आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क टोपलीवाल्या लेडीज सायकलवरून यायचे आणि कोणी हसायचं नाही, कारण हसणाराही भलत्याच सीटवर बसून आलेला असायचा.

टॉकीजच्या मॅनेजरनं मला बोलावलं. "महिनाभर पाहतो गा. नाही जमलं तर स्टँड दुसऱ्याले देतो."

बाबांचा जीव त्या स्टँडात. घरी बसवले तर आठ दिवसांत भिंतीसारखे होतील, हे आईला ठाऊक होतं. 'अल्झायमर' हा शब्द आमच्या गल्लीत यायला अजून बरीच वर्षं होती, त्यामुळे तिनं मिळेल तो उपचार केला. ब्राह्मीचं तेल एवढं चोपडलं की बाबांचं डोकं उशीवर ठरेना. भिजवलेले बदाम झाले. मामानं रामटेकहून काढा आणला, त्याच्या वासानं आमची मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेली ती गेलीच.

शेवटी मी म्हटलं, "बाबा, बिल्ले ठेवा ना."

"बिल्ले? मी? उद्या तुझ्या मायच्या गळ्यातबी नंबर बांधशील, मले ओळखू यावी म्हणून."

"बांधा ना जी," आई आतून म्हणाली, "पण पितळी नको, सोन्याचा बांधा."

दुसऱ्या दिवशी दुधाच्या कॅन लटकवलेल्या सायकलवरून एक डॉक्टर घरी आले. पेशंटना बाकावर बसवून दुपारचा खेळ पाहणारे, बाबांचं जुनं गिऱ्हाईक.

"बायको विचारून राहिली, धंदा बदलला काय," ते म्हणाले.

आलेच होते तर बाबांना तपासलं. वार विचारला, महिना विचारला. मग मला अंगणात नेलं. "डोक्याचं रक्त वाढवायची गोळी आहे, पण भरवसा देत नाही. विलायतेत शोध चालू आहेत, निघेल कधीतरी औषध. तोवर डोक्यावरचं ओझं उचलून दुसरीकडं ठेवायचं."

मी बिल्ल्यांचं रामायण सांगितलं. डॉक्टरांनी खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, आत जाऊन बाबांसमोर लिहिलं आणि वाचून दाखवलं. "पितळी बिल्ला. दर खेळाला, दर सायकलीले एक. खंड पडू देऊ नये."

बाबांनी गंभीरपणे विचारलं, "पथ्य काय?"

"बिल्ला पाहिल्याशिवाय सायकल द्यायची नाही. ओळखीचा असला तरी."

बाबांनी चिठ्ठी कपाळाला लावली. अपमान वेगळा आणि औषध वेगळं.

नागपूरच्या सायकली आपापल्या घरी परतायला पंधरा दिवस लागले. हेडक्लार्कांनी मात्र लेडीज सायकल ठेवून घेतली. भाजीला टोपली बरी पडते म्हणाले.

महिना भरला तेव्हा मॅनेजर स्वतःची सायकल घ्यायला आला. मी शेजारीच उभा होतो.

"बिल्ला?" बाबा म्हणाले.

"अहो, मी मॅनेजर."

"असाल. मले पथ्य आहे."

मॅनेजर आत गेला, कोटाचे खिसे उलटे केले, टेबलाखाली वाकला आणि घामाघूम होऊन बिल्ला घेऊन आला. बाबांनी जोडी जुळवून सायकल दिली. स्टँडचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. पुढं चार वर्षं स्टँड बाबांकडेच होता.

पुढं गुडघ्यांनी स्टँड सोडायला लावला. तोवर त्यांच्या डोक्यातून माझं नावही गेलं होतं. हल्ली पेपरात नव्या गोळ्यांबद्दल, इंजेक्शनांबद्दल वाचतो. खुशाल निघोत, मी पहिला टाळी वाजवीन. पण बाबांनी आपलं औषध शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. मी सकाळी ऑफिसला निघालो की ते माझ्या हातावर एक बिल्ला ठेवायचे आणि जोडीचा दाराच्या खुंटीला अडकवायचे. संध्याकाळी मी उंबऱ्यात हात पुढं करायचो. ते दोन्ही बिल्ले डोळ्यांजवळ धरून पाहायचे.

"जुळलं," आईला म्हणायचे. "आपलाच आहे. येऊ दे त्याले आत."