मैनाचं टेबल, सस्मिताचं टेबल

मैना म्हात्रे पेणच्या खाडीकाठची. बापाचं आयुष्य मिठागरात गेलेलं. तिथं वाऱ्याच्या वर आवाज काढावा लागे, त्यामुळे त्यांच्या घरात कुणी "पाणी दे" म्हटलं तरी पलीकडच्या बांधाला ऐकू जाई. लग्न होऊन ती रोह्याजवळ वरसे गावात आली, तिथल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली आणि आवाजाच्याच जोरावर लाइन लीडर झाली.

"ए वैशाली, डोळं हायत का गुंड्या? लेबल उलटं लावलंस गो!" हे ऐकल्याशिवाय खांब-नागोठण्याकडच्या बायकांचे हातच चालत नसत.

मग ओडिशाच्या बायका कामावर आल्या. त्यांच्यातल्या सस्मिताला मैना सवयीनं म्हणाली, "ए म्हशी, हल की!" मराठीतलं बाकी काही नाही, पण म्हैस तिला बरोबर कळली. ती उठून भिंतीपाशी जाऊन बसली. तिच्या मागोमाग तिच्या सगळ्या गाववाल्या.

मॅनेजर चाको साहेब केरळचे. ते शिंकायच्या आधीसुद्धा मीटिंग घेत. म्हणाले, "मैना, हम सब एक फॅमिली हैं. प्यार से बोलो."

"साहेब, फॅमिलीतच तर जास्ती बोंबलतो आमी."

पण हुकूम तो हुकूम. दुसऱ्या दिवशी ती मधाळ आवाजात म्हणाली, "वैशाली, जरा लवकर करतेस का, बाय?"

वैशालीच्या हातातलं खोकंच पडलं. "ताई, मला कामावरनं काढतायत काय?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कंपनी बंद पडणार अशी बातमी फुटली. आता ओडिशाच्या बायका कामाला आणि इकडच्या भिंतीपाशी!

वैतागलेली मैना डबा घेऊन सस्मितासमोर बसली. "तुमारे गाव में मुखिया कैसा बोलता?"

"बोलता नहीं, दीदी. पहले खुद उठाता है. फिर सब उठाते हैं."

"मग मुखिया होऊन फायदा काय, डोंबल?" मैना म्हणाली. पण त्याच दिवशी साहेबांना सांगून तिनं एक टेबल सस्मिताच्या हाती दिलं. तिथं तोंडातून अक्षर नाही, नुसते हात. मैनाच्या टेबलावर मात्र दंगा.

पुढं ओडिशाची सुकांती आपणहून मैनाकडे आली. इथं मजा येते म्हणे. मैना फुगली. तेवढ्यात वैशाली पिशवी उचलून सस्मिताकडे निघाली.

"तू कुठं गो?"

"ताई, घरी सासू, इथं तुमी. कानाला जरा सुट्टी देते."

मैनाला ते फार लागलं. काही दिवस ती वैशालीशी बोललीच नाही. शेवटी एका दुपारी भाकरी-सुकटीचा डबा तिच्यापुढं सरकवून म्हणाली, "खा. इथल्या सासूनं दिलाय."