ह्यांच्या गाडीतला वास आणि आरबैल घाट

संक्रांत झाली की अंकोल्याला समुद्र बघायला जायचं, हा आमच्या घरचा जुना नेम. हे होते तोवर एक वर्ष चुकलं नाही. हे म्हणजे आमचे यजमान. हुबळीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. हे गेले आणि नेम मोडला. गाडी नवनगरच्या घराच्या शेडमध्ये उभी राहिली.

यंदा तीळगूळ वाटून झाला आणि मी मुलाला, सतीशला, सांगून टाकलं की मला अंकोल्याला जायचंय आणि ह्यांच्याच गाडीतून जायचंय. तो म्हणाला, नवी गाडी आहे, एसी आहे, आरामात नेतो. मी म्हटलं, मग तूच जा आणि मला बाटलीतून समुद्र घेऊन ये. नात ईरा खो खो हसली. तिथंच ठरलं.

(माझी शाळा चौथीत सुटली. मी लिहिते तसं लिहिते, काना-मात्रा ईरा बघते. काही राहिलं तर तिला बोला.)

गाडी कशी, ते सांगते. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी. दार लावताना जरा लाडानं ओढावं लागतं. आणि आत वास. कुणाचे यजमान अत्तर लावतात, कुणाचे तंबाखू खातात. ह्यांचा वास म्हणजे पेट्रोल. रविवारी दिवसभर गाडीत डोकं खुपसून बसायचे, जेवायला आले तरी हाताला तोच वास. मी नाक मुरडायची तेव्हा. हे गेल्यावर मात्र रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन गाडीत बसायचं, दार लावायचं आणि डोळे मिटायचे. हे शेजारी असल्यासारखं वाटायचं. ईरा म्हणायची, आजी, माझं डोकं दुखतं इथं. मी म्हणायची, आजकालच्या पोरींची डोकीच नाजूक.

सतीशनं गाडीचं सगळं केलं. टायर नवे, बॅटरी नवी, सीटला कव्हरं, वर पॉलिश. नवरीसारखी दिसायला लागली. ह्यांचा जुना मेस्त्री बसण्णा सकाळी निरोप द्यायला आला. गोकुळ रोडला त्याचं गॅरेज आहे. मला तो अक्का म्हणतो, ह्यांना अण्णा म्हणायचा. आता हात थरथरतात, काम पोरांवर सोडलंय, पण ह्यांची गाडी निघतेय म्हटल्यावर घरी थांबेना.

आता आमच्याकडची एक पद्धत. लांब निघताना गाडीला ओवाळायचं, सगळेच ओवाळतात. पण ह्यांचं म्हणणं असं की, तोंडाला काय ओवाळायचं, काळजाला ओवाळावं. म्हणून आमच्याकडे इंजिन चालू करून बॉनेट उघडायचं आणि निरांजन आत इंजिनावरून फिरवायचं. इतकी वर्षं असंच. सतीशनं गाडी चालू केली, ईरानं बॉनेट उचललं आणि असा भपकारा आला वासाचा! मला काय आनंद झाला. म्हटलं, आले बघ तुझे आजोबा. आणि मी तबक घेऊन पुढं झाले.

"अक्का, निंद्रि!" बसण्णा ओरडला. निंद्रि म्हणजे थांबा. मी थांबेपर्यंत तो आडवा आला आणि माझ्या हातातलं निरांजन त्यानं फूऽ करून विझवलं. कापूरसुद्धा दूर नेऊन मातीत दाबला.

निघायच्या वेळी दिवा फुंकला! तोंडानं! मी तर तबकच खाली ठेवलं. म्हटलं, बसण्णा, ह्यांच्या मागं माझ्या घरात येऊन तू हे करावंस? त्यानं आधी सतीशला इंजिन बंद करायला लावलं, बॅटरीची वायर सोडवली, थोडा वेळ तसंच जाऊ दिलं. मग मला जवळ बोलावून आत बोट दाखवलं. पंपाकडून कार्बोरेटरकडं जाणारा रबरी पाइप, करंगळीएवढा जाड. वरून काळाभोर, धडधाकट. त्यानं तो जरा वाकवला आणि वाळल्या चिंचेच्या सालीसारखी त्याला भेग पडली. टोकाशी ओला. तिथून थेंब पडायचा तो बरोबर सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर.

"अक्का, हा वास अण्णांचा नाही," बसण्णा म्हणाला. "पेट्रोल गळतंय."

मला पटेना. मी म्हटलं, पण वास पहिल्यापासून आहे. तर म्हणाला, असणारच, पाइपही पहिल्यापासूनचाच आहे. आणि मग तो हसायलाच लागला. पाइपाचं टोक चिरलं की हे नवा घ्यायचेच नाहीत. बसण्णानं नवा काढला की म्हणायचे, ब्याड ब्याड, म्हणजे नको नको, निम्मा चांगलाय, टोक काप आणि पुढं ओढून बसव. कापडवाल्याचा जीव! उरलेल्या तुकड्याचीसुद्धा चोळी व्हायला पाहिजे. बसण्णाही कापून द्यायचा. कापत कापत पाइप असा आखूड झाला होता की वीणेच्या तारेसारखा ताणून बसलेला. सतीश कपाळाला हात लावून म्हणाला, मी इतकं सगळं बदललं आणि हा बघितलाच नाही. बसण्णा म्हणाला, मी बसवलाय आणि मीच विसरलो, तू कुठं बघणार?

मग अंकोल्याची वाट सोडून आधी गोकुळ रोड. गाडी चालू करायची नाही म्हणून दोरानं ओढत नेली. मी आत बसायचा हट्ट केला, कुणी ऐकलं नाही.

जुनी गाडी घेऊन फिरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा. बसण्णानं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. रबर वापरानं जातं तसं नुसतं उभं राहूनही जातं. आताच्या पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळलेलं असतं, ते जुन्या रबराला आणखी खातं. म्हणून एकच पाइप बदलून भागत नाही. मागं टाकीपाशी असतो तो, पंपाला येतो तो, पुढं जातो तो, सगळे बदलायचे, आवळायच्या पट्ट्यांसकट. पाइप पेट्रोलचाच घ्यायचा, पाण्याचा चालत नाही. काम इंजिन गार असतानाच. आणि गाडीत वास आला की तो आठवण म्हणून हुंगत बसायचं नाही, हे माझं. खर्च म्हणाल तर एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणाएवढा.

बसण्णानं जुना पाइप काढून बाजूला टाकला तेव्हा मी तो उचलला. म्हटलं, डबीत घालून ठेवते. तो म्हणाला, देवघरात दिवा लावता ना? मग घरात ठेवू नका. मी मुठीत धरला होता, तेवढ्यात त्याचा चुरा झाला. हात काळा झाला, हाताला वास लागला. बसण्णा साबण घेऊन आला. मी म्हटलं, राहू दे.

उन्हं वर आल्यावर निघालो. बरोबर शेंगांची होळिगे, म्हणजे शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या, कलघटगीला गिरमिट म्हणजे मसाल्याचे चुरमुरे आणि मिरचीभजी घेतली, ती ईरानंच संपवली. रस्ता चांगला आहे, मधे मधे लाकडाचे ट्रक लागतात. किरवत्तीनंतर रान सुरू होतं. पण मला गाडी परक्याची वाटत होती. नव्या सीटकव्हरचा वास, दुसरं काही नाही. मी आपली अधूनमधून उजवा हात नाकापाशी न्यायची. सतीश आरशातून बघत होता.

यल्लापूरला जेवायला थांबलो. केळीच्या पानावर गरम भात, वर सारू, शेवटी कषाय म्हणजे धने-जिऱ्याचं गोड दूध. पान समोर आलं आणि मी हात मांडीवर ठेवून बसले. ईरानं ओळखलं. म्हणाली, "आजी, मी भरवू का?"

मला हसू आलं. आणि रडूही. नातीच्या हातानं जेवणारी म्हातारी झाले काय मी? उठले आणि नळाखाली हात धुतला. नळाचं पाणी गार होतं. चांगला चोळून धुतला.

यल्लापूर सोडलं की आरबैल घाट. आता गंमत ऐका. इतक्या वर्षांत हा घाट मी पाहिलाच नव्हता. गाडी वळणं घ्यायला लागली की माझं डोकं जड व्हायचं, डोळे मिटायचे. पोरं ओकायची. मी त्यांच्या नाकाशी लिंबू धरायची आणि स्वतः झोपायची. हे म्हणायचे, झोप तू, अंकोला आलं की उठवतो. आम्ही सगळे घाटाला नावं ठेवायचो.

यंदा ईरा ओकली नाही. गिरमिट, भजी, भात, सगळं पोटात असून टकाटका बघत होती. तो वास नाही तर माझंही डोकं हलकं. खिडकी उघडी, आणि बाहेर हा घाट! खाली दरी, दरीत नुसतं हिरवं, वळणावळणावर वानरं बसलेली, एका वळणाला लांबवर धुकं आणि मधे उन्हाची पट्टी. ओल्या पाचोळ्याचा, कुठूनतरी काजूच्या मोहराचा वास. मी सतीशला विचारलं, हे पहिल्यापासून असं आहे? तो म्हणाला, आई, मी काय सांगू, मीही ओकतच होतो ना.

म्हणजे हे सगळं एकट्या ह्यांनी पाहिलं. मागं आम्ही माना टाकलेले, आणि हे एकटे वळणं काढत, ट्रकांना वाट देत, दरवर्षी. एकदाही म्हणाले नाहीत, उठ, बघ. मला वाटायचं मी गाडीत बसून ह्यांच्याजवळ असते. खरं जवळ असायची वेळ इथं होती, आणि तेव्हा मी झोपलेली.

अंकोल्याला समुद्र होता तिथंच आहे. पाय भिजवले, मासळी खाल्ली, साधीशी खोली मिळाली. त्याचं फार सांगत नाही, समुद्र कुणालाही दिसतो.

येताना मात्र मी पुढच्या सीटवर बसले. ईराला मागं झोपवलं आणि घाटभर सतीशशी बोलत आले. ह्यांच्याबद्दल आम्ही दोघं कधी इतकं बोललो नव्हतो. कुठलं वळण ह्यांना अवघड गेलं असेल, कुठं थांबून चहा घेतला असेल, हेच. सतीशनं एका ठिकाणी गाडी थांबवली. म्हणाला, बाबा इथं बराच वेळ थांबायचे, इंजिन गार करायला. आम्हाला वाटायचं गाडी बिघडली. आम्ही खाली उतरलो. कठड्यापाशी उभं राहिलं की सगळी दरी समोर. इंजिन गार व्हायला काय तेवढा वेळ लागतो?

वास गेला त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला सांगू. पहिले दोन-चार दिवस शेडमध्ये जाऊन बसले, डोळे मिटले, काही नाही. रेक्झिन आणि वाळू. मग बसणं सोडलं. बसण्णाही म्हणालाच आहे, गाडी उभी ठेवू नका. आता संध्याकाळी सतीश कामावरून आला की त्याला म्हणते, काढ गाडी. उणकलच्या तळ्यापर्यंत जाऊन येतो. मी पुढं बसते, आणि डोळे उघडे ठेवते.